प्रोसेसर बदलतो तेव्हा: मॅकची तीन स्थलांतरे आणि त्याचे वापरकर्ते

१. प्रस्तावना

संगणक-रचना शिकताना आपण दोन प्रोसेसरांची तुलना आकड्यांवर करतो. क्लॉक स्पीड किती, कोअर किती, कॅशे किती, वीज किती लागते. परीक्षेपुरते ते ठीक आहे. पण एखादी कंपनी आपल्या संगणकांचा सूचनासंचच बदलते तेव्हा लोक काय करतील, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. वेगवान प्रोसेसर आले आणि लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, असेही घडले आहे.

सूचनासंच म्हणजे प्रोसेसरला कळणारी भाषा. प्रोग्रॅम कंपाइल झाला की त्या भाषेतला मशीन कोड तयार होतो. मोटोरोलाच्या ६८००० प्रोसेसरसाठी तयार केलेला कोड इंटेलच्या प्रोसेसरला वाचता येत नाही. म्हणून सूचनासंच बदलला की वापरकर्त्याजवळचे सगळे सॉफ्टवेअर एकदम परक्या भाषेतले होऊन बसते. त्याच्याकडे सोर्स कोड नसतो. सॉफ्टवेअर कंपनी नवी आवृत्ती काढेपर्यंत त्याला वाट पाहावी लागते, आणि ती कंपनीच बंद पडलेली असेल तर वाट पाहण्यातही अर्थ नसतो.

ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाने हा बदल तीनदा केला: १९९४ मध्ये मोटोरोला ६८००० मालिकेकडून पॉवरपीसीकडे, २००६ मध्ये पॉवरपीसीकडून इंटेलकडे आणि २०२० मध्ये इंटेलकडून ॲपलच्या स्वतःच्या एम मालिकेकडे. एकाच कंपनीने एकाच प्रकारच्या ग्राहकांसमोर तीनदा केलेला हा प्रयोग असल्याने त्याची तुलना करता येते. या पाठात आपण एकच प्रश्न हाती घेऊ: वापरकर्त्यांची प्रतिक्रिया कशावरून ठरली?

२. पूर्वपीठिका: १४०१ आणि सिस्टीम ३६०

हा प्रश्न मॅकपेक्षा जुना आहे. आयबीएमने १९५९ मध्ये १४०१ हा व्यावसायिक संगणक जाहीर केला. असे १२,००० हून अधिक संगणक तयार झाले. बँका, विमा कंपन्या, कारखाने यांचे पगारपत्रक आणि हिशेब त्यांवर बसवलेले होते. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टीम ३६० ही पूर्णपणे वेगळ्या रचनेची मालिका जाहीर केली. जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रावर थेट चालणार नव्हते.

हे दुखणे प्रतिस्पर्ध्याने आधीच ओळखले होते. हनीवेलने १९६३ च्या डिसेंबरात हनीवेल २०० हा संगणक आणला आणि त्याबरोबर १४०१ चे प्रोग्रॅम रूपांतरित करून देणारे ‘लिबरेटर’ नावाचे साधन दिले. आयबीएमलाही मार्ग काढावा लागला. ३६० मालिकेतल्या मॉडेल ३० वर मायक्रोकोडच्या साहाय्याने १४०१ चे अनुकरण करण्याची सोय दिली गेली, आणि ग्राहक नव्या यंत्रावर जुनेच पगारपत्रक चालवू लागले. भारतात तर १४०१ सत्तरच्या दशकातही कामात होते.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. ग्राहकाची खरी गुंतवणूक यंत्रात नव्हती, त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये होती.

३. पहिले स्थलांतर: १९९४

मूळ मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ रोजी बाजारात आला. त्यात मोटोरोला ६८००० प्रोसेसर आणि १२८ किलोबाइट मेमरी होती. नव्वदच्या दशकाच्या आरंभी या मालिकेची वाढ मंदावू लागली. १९९१ मध्ये ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला एकत्र आले आणि त्यातून पॉवरपीसी हा रिस्क पद्धतीचा प्रोसेसर जन्माला आला. १४ मार्च १९९४ रोजी पॉवर मॅकिंटॉश ६१००, ७१०० आणि ८१०० ही मॉडेल विक्रीस आली.

जुन्या प्रोग्रॅमसाठी ॲपलने ऑपरेटिंग सिस्टीममध्येच एम्युलेटर बसवला होता. तो ६८०४० कुटुंबातल्या प्रोसेसरची भूमिका वठवत असे. वापरकर्त्याला काहीही करावे लागत नव्हते. जुनी फ्लॉपी घातली, चिन्हावर क्लिक केले की प्रोग्रॅम सुरू. ऑपरेटिंग सिस्टीमचा बराचसा भागही तेव्हा जुन्याच कोडमध्ये होता आणि तोही याच एम्युलेटरवर चालत असे.

या सोयीची किंमत वेगात मोजावी लागली. पहिला एम्युलेटर दुभाष्यासारखा होता. प्रत्येक जुनी सूचना वाचायची, तिचा अर्थ लावायचा, मग नव्या भाषेत ती करवून घ्यायची. तेच वाक्य पुन्हा आले तरी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे नव्या पॉवर मॅकवर जुना प्रोग्रॅम आधीच्या सर्वांत वेगवान क्वाड्रा मॉडेलपेक्षा संथ चालत असे. शिवाय या एम्युलेटरमध्ये फ्लोटिंग पॉइंट एकक नव्हते, म्हणून त्यावर अवलंबून असलेले गणिती प्रोग्रॅम अडत.

वापरकर्त्यांनी यावर आपापले उपाय शोधले. फ्लोटिंग पॉइंटची उणीव भरून काढणारे शेअरवेअर आले. १९९५ मध्ये कनेक्टिक्स या कंपनीने ‘स्पीड डबलर’ नावाचे सॉफ्टवेअर विकायला काढले. त्यात जुन्या कोडचे तुकडे एकदाच भाषांतरित करून साठवणारा अधिक चांगला एम्युलेटर होता. नवा वेगवान संगणक घेतल्यावर जुने सॉफ्टवेअर नीट चालावे म्हणून लोक पुन्हा पैसे मोजत होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याच काळात आणखी एक बोलके उदाहरण घडले. मायक्रोसॉफ्टने वर्ड ६ मॅकसाठी आणले. त्याची पॉवरपीसीसाठी खास कंपाइल केलेली आवृत्ती होती. तरीही अनेकांनी ते नापसंत केले, कारण ते विंडोजच्या आवृत्तीशी समान कोडवर बांधलेले होते, जड होते आणि मॅकसारखे वागत नव्हते. पुष्कळ लोक वर्ड ५.१ या जुन्या आवृत्तीला चिकटून राहिले, जरी ती एम्युलेटरवर चालत होती. प्रोसेसरची भाषा जुळली तरी हाताची सवय जुळली नाही, तर वापरकर्ता मागे फिरतो.

४. दुसरे स्थलांतर: अभिमानाचा प्रश्न

पुढच्या दहा वर्षांत पॉवरपीसी ही मॅक वापरणाऱ्यांची ओळख बनली. ती ओळख घडवण्यात ॲपलचाच हात होता. १९९८ च्या एका जाहिरातीत पेंटियम २ हा प्रोसेसर गोगलगाईच्या पाठीवर बसवलेला दाखवला होता. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात ‘मेगाहर्ट्झचे मिथक’ या विषयावर सविस्तर मांडणी झाली. केवळ क्लॉक स्पीडवरून दोन वेगळ्या रचनांची तुलना करू नये, हा तिचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या योग्यच होता. मॅक वापरणारे हा मुद्दा विंडोजवाल्या मित्रांशी वाद घालताना वर्षानुवर्षे वापरत राहिले.

जून २००३ मध्ये पॉवर मॅक जी५ सादर करताना स्टीव्ह जॉब्ज यांनी बारा महिन्यांत ३ गिगाहर्ट्झ गाठण्याचे आश्वासन दिले. २००४ मध्ये २.५ गिगाहर्ट्झपर्यंत मजल गेली, तीही द्रवाने थंड करण्याची यंत्रणा बसवून. २००५ च्या एप्रिलमध्ये आकडा २.७ झाला. ३ गिगाहर्ट्झचा जी५ आलाच नाही. त्याहून मोठी अडचण लॅपटॉपची होती. जी५ इतका तापत असे की तो पॉवरबुकमध्ये कधीच बसवता आला नाही.

६ जून २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विकासक परिषदेत जॉब्ज यांनी इंटेलकडे जाण्याची घोषणा केली. त्या दिवसाचे प्रात्यक्षिक ज्या संगणकावर चालले होते, तो पेंटियम ४ वरच चालत आहे, हे त्यांनी तिथेच उघड केले. मॅक ओएस टेनची प्रत्येक आवृत्ती गेली पाच वर्षे इंटेलसाठीही गुपचूप कंपाइल होत होती. कारण म्हणून त्यांनी प्रतिवॅट कार्यक्षमतेचा आकडा दाखवला: पुढच्या काळासाठी पॉवरपीसी १५ एकके, इंटेल ७०.

कारण पटण्याजोगे होते. तरी अनेकांना धक्का बसला, आणि त्याचा संबंध वॅटशी नव्हता. काल ज्याची टिंगल केली, तो आज आपल्या घरात येणार, हे पचनी पडणे अवघड होते. मॅकवर ‘इंटेल इनसाइड’चे स्टिकर लागणार का, हा प्रश्न लोकांनी गंभीरपणे विचारला. ते कधीच लागले नाही. ही बारीकशी गोष्ट वाटेल, पण कंपनीने ग्राहकाचा मान सांभाळण्याची ती एक रीत होती.

दुसरी भीती व्यवहाराची होती. पुढच्या वर्षी नवे मॉडेल येणार असे आधीच सांगितले, तर आजचे कोण घेईल? संगणकाच्या इतिहासात याला ‘ऑस्बोर्न परिणाम’ म्हणतात. ॲडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ मध्ये त्यांचे निधनही कोडाईकनालला झाले. त्यांच्या कंपनीने १९८१ मध्ये ऑस्बोर्न १ हा उचलून नेता येणारा संगणक आणला. पुढच्या मॉडेलची चर्चा लवकर सुरू झाल्याने चालू मॉडेलची विक्री थांबली आणि १९८३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, असे सांगितले जाते. दिवाळ्याचे हे एकमेव कारण होते का, यावर मतभेद आहेत; पण या नावाची धास्ती खरी होती.

ॲपलच्या बाबतीत तसे घडले नाही. सप्टेंबरअखेर संपणाऱ्या आर्थिक वर्षांचे आकडे पाहा. २००५ मध्ये सुमारे ४५ लाख मॅक विकले गेले, २००६ मध्ये सुमारे ५३ लाख आणि २००७ मध्ये सुमारे ७० लाख. घोषणेच्या दिवशीची नाराजी आणि दुकानातली खरेदी यांत इतके अंतर असू शकते.

५. पूल बांधला, पूल काढला

नव्या मॅकची पहिली मॉडेल १० जानेवारी २००६ रोजी आली आणि ७ ऑगस्ट २००६ रोजी मॅक प्रो आल्यावर बदल पूर्ण झाला. २००७ अखेरची मुदत दिली होती, त्याच्या खूप आधी. जुन्या प्रोग्रॅमसाठी ‘रोझेटा’ हे भाषांतर करणारे सॉफ्टवेअर होते. त्याचे तंत्र ट्रान्झिटिव्ह या कंपनीचे. प्रोग्रॅम चालू असतानाच कोडचे तुकडे भाषांतरित करून ते जवळ ठेवायचे, अशी त्याची पद्धत होती.

आता प्रतिक्रिया कशी विभागली गेली ते पाहू.

ज्यांचे काम ईमेल, ब्राउझर आणि छायाचित्रे एवढेच होते, त्यांचे सॉफ्टवेअर बहुतांशी ॲपलचेच होते आणि ते पहिल्या दिवसापासून इंटेलसाठी तयार होते. त्यांना फक्त वेग दिसला.

फोटोशॉपवर पोट असणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. इंटेलसाठी तयार झालेला ॲडोबीचा संच, क्रिएटिव्ह सूट ३, एप्रिल २००७ मध्ये आला. तोवर त्यांना रोझेटावर संथ फोटोशॉप चालवायचे किंवा जुनाच जी५ ठेवायचा, एवढेच पर्याय होते. अनेकांनी जी५ ठेवला.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस इंटेलसाठी जानेवारी २००८ मध्ये आले, पण त्यातून व्हिज्युअल बेसिकचे मॅक्रो गायब होते. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून कार्यालयाचे हिशेब बसवणाऱ्या माणसाला प्रोसेसर किती वेगवान आहे याचे काय? मॅक्रो परत आले ते ऑफिस २०११ मध्ये.

आणि ज्यांचे प्रोग्रॅम मॅक ओएस ९ च्या काळातले होते, त्यांची वाट पूर्णच बंद झाली. ते चालवणारी ‘क्लासिक’ ही सोय इंटेल मॅकवर नव्हती. मुंबई-पुण्यातल्या जाहिरात संस्था आणि पानांची मांडणी करणाऱ्या कचेऱ्यांत मॅकचा वापर होता. भारतीय भाषांच्या जुन्या कामात अडचण दुहेरी असते, कारण युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेला मजकूर त्या फाँटशिवाय नुसता अक्षरांचा गोंधळ दिसतो. जुना प्रोग्रॅम, जुना फाँट आणि जुने यंत्र ही साखळी एकत्र टिकली तरच फाइल वाचता येते.

काही प्रतिक्रिया मात्र उत्साहाच्या होत्या. इंटेल मॅकवर विंडोज एक्सपी चालवून दाखवणाऱ्यासाठी वापरकर्त्यांनीच वर्गणी जमवली, बक्षीस १३,००० डॉलरच्या वर गेले आणि मार्च २००६ मध्ये ते कोणीतरी जिंकलेही. ५ एप्रिलला ॲपलने ‘बूट कॅम्प’ जाहीर करून तीच सोय अधिकृतपणे दिली. ‘वेळ पडली तर विंडोजही चालेल’ हा दिलासा मिळाल्याने मॅक विकत घेण्याचे धाडस सोपे झाले.

यानंतरचा टप्पा बातम्यांत फारसा येत नाही, पण वापरकर्त्याच्या दृष्टीने तोच खरा. २८ ऑगस्ट २००९ रोजी आलेली स्नो लेपर्ड ही आवृत्ती फक्त इंटेलवर चालत होती. २००६ च्या उन्हाळ्यात भरपूर पैसे मोजून जी५ घेतलेल्याचा रस्ता तीन वर्षांत संपला. जुलै २०११ च्या लायन या आवृत्तीतून रोझेटाही काढून टाकण्यात आले. क्विकन २००७ मध्ये घरखर्चाचा वर्षानुवर्षांचा हिशेब ठेवणारे लोक अडकले, कारण तो प्रोग्रॅम पॉवरपीसीचाच होता. लायनवर चालणारी त्याची आवृत्ती मार्च २०१२ मध्ये आली. तोवर अनेकांनी ऑपरेटिंग सिस्टीम बदलणेच टाळले. दुसरीकडे फायरफॉक्सने पॉवरपीसीचा आधार सोडल्यावर स्वयंसेवी वृत्तीने ‘टेनफोरफॉक्स’ हा ब्राउझर उभा राहिला आणि २०२१ पर्यंत, म्हणजे सुमारे १० वर्षे, जुन्या मॅकना तगवत राहिला.

६. उलट उदाहरण: इटॅनियम

याच काळात इंटेलने स्वतः एक स्थलांतर घडवून पाहिले आणि ते फसले. हेवलेट-पॅकार्डबरोबर १९९४ मध्ये हाती घेतलेला इटॅनियम हा ६४ बिटांचा प्रोसेसर २००१ मध्ये आला. रचना नवी आणि महत्त्वाकांक्षी होती. पण जुने ३२ बिटांचे प्रोग्रॅम त्यावर रखडत चालत.

एप्रिल २००३ मध्ये एएमडीने ऑप्टेरॉन आणला. त्याने जुन्याच सूचनासंचाला ६४ बिटांची जोड दिली. जुने प्रोग्रॅम पूर्ण वेगाने चालत. ज्याला नवे हवे त्याने सवडीने नव्याकडे जावे. ग्राहकांनी हा मार्ग निवडला. २००४ मध्ये इंटेललाही आपल्या प्रोसेसरांत तीच रचना घ्यावी लागली. इटॅनियमची शेवटची खेप २०२१ मध्ये बाहेर पडली.

सर्व्हर विकत घेणाऱ्या ग्राहकांनी इटॅनियमविरुद्ध मोर्चे काढले नाहीत. त्यांनी तो घेतला नाही, एवढेच. वापरकर्त्याची सर्वांत कडक प्रतिक्रिया अशीच, न बोलता येते.

७. तिसरे स्थलांतर: २०२०

२२ जून २०२० रोजी ॲपलने आपल्याच प्रोसेसरकडे जाण्याचे जाहीर केले. पाच महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, एम१ चे पहिले संगणक आले. या वेळी अभिमान दुखावण्याचा प्रश्नच नव्हता. इंटेलवर जीव जडलेला मॅक वापरकर्ता क्वचितच असेल.

चिंता कामाच्या होत्या. बूट कॅम्प जाणार होते. एम१ लॅपटॉपला अधिकृतपणे बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येत होता. प्रोग्रॅमरांना डॉकरसारख्या साधनांची वाट पाहावी लागली. फोटोशॉपची खास आवृत्ती मार्च २०२१ मध्ये आली.

तरीही या वेळी विरोध सर्वांत लवकर निवळला. याचे कारण ‘रोझेटा २’ मध्ये आहे. शक्य तिथे ते प्रोग्रॅमचे भाषांतर आधीच करून ठेवते. दुभाष्याऐवजी अनुवादित पुस्तक हाती द्यावे तसे. शिवाय इंटेलच्या मेमरी-क्रमाचे नियम पाळण्याची सोय एम१ च्या हार्डवेअरमध्येच ठेवलेली होती. परिणामी पंखा नसलेल्या मॅकबुक एअरवर इंटेलसाठीचे अनेक प्रोग्रॅम जुन्या इंटेल एअरपेक्षा चांगले चालले. १९९४ मध्ये नव्या यंत्रावर जुने काम मंदावले होते; २०२० मध्ये ते मंदावले नाही.

मात्र पूल काढण्याची रीत तीच आहे. २०१९ मध्ये ३२ बिटांचे सर्व प्रोग्रॅम बंद करून ॲपलने आधीच साफसफाई केली होती. इंटेल मॅकना चालणारी शेवटची आवृत्ती मॅकओएस २६ असेल, असे २०२५ मध्ये जाहीर झाले. इंटेलचे शेवटचे मॅक प्रो जून २०२३ पर्यंत विकले जात होते, हे इथे आठवावे.

८. समारोप

तिन्ही वेळा वापरकर्त्यांनी एकच प्रश्न विचारला: माझे कालचे काम उद्या उघडेल का? १९९४ मध्ये उत्तर होते, ‘उघडेल, पण संथ’. २००६ मध्ये, ‘उघडेल, पण काही वर्षेच, आणि फार जुने असेल तर नाही’. २०२० मध्ये, ‘लगेच उघडेल, कुठवर, ते आम्ही ठरवू’. लोकांची नाराजी किंवा समाधान या उत्तरांच्या मागोमाग गेले. क्लॉक स्पीड त्यानंतर आला.

आपल्या देशात संगणक एकदा घेतला की तो पुरवून वापरला जातो. धाकट्या भावंडाकडे जातो, शाळेला दिला जातो, सेकंड हँड बाजारात विकला जातो. जुन्याला आधार देण्याची मुदत ठरवताना पहिल्या खरेदीदाराचाच विचार झाला, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वापरकर्त्याचा भार कोणाच्याच हिशेबात येत नाही. तुमच्यापैकी काहीजण पुढे अशा निर्णयांच्या टेबलावर बसतील. तेव्हा नव्या प्रोसेसरच्या आलेखाशेजारी आणखी एक तक्ता मांडायला सांगा: कोणाचे कोणते काम कोणत्या तारखेनंतर उघडणार नाही.

विचारासाठी प्रश्न

१. १९९४ चा एम्युलेटर, रोझेटा आणि रोझेटा २ यांच्या भाषांतराच्या पद्धतींत काय फरक आहे? त्या फरकाचा वापरकर्त्याच्या अनुभवावर काय परिणाम झाला?

२. इटॅनियम फसला आणि ॲपलचे इंटेलकडे जाणे यशस्वी झाले. दोन्हीकडे जुन्या प्रोग्रॅमची सोय होती. मग फरक कशात होता?

३. तुमच्या घरातल्या किंवा महाविद्यालयातल्या एका संगणकावरच्या प्रोग्रॅमची यादी करा. उद्या सूचनासंच बदलला तर त्यातल्या कोणत्या प्रोग्रॅमना पर्याय नाही?